एक खेळ आणि एक राहिलेला विषय

‘गेम खेळतोस? म्हणजे अभ्यासाला रामराम!’ खोलीवर येणारा प्रत्येक वडीलधारा माणूस माझ्या संगणकाकडे पाहून हेच म्हणतो. त्यांचे सर्वस्वी चुकते असे नाही. मोबाईलवरचे पुष्कळसे खेळ आज माणसालाच खेळवतात. घडीघडीला जाहिरात, हजेरी चुकली की बक्षीस बुडाले, आणि हरलात तर पैसे टाकून पुढे चला! पण सगळेच खेळ एका माळेचे मणी नव्हेत, एवढे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

माझा संगणक मामाकडून आलेला, जुनाच. यंत्र सुरू करावे आणि चहा पिऊन यावे, इतके ते थकले होते. एका मित्राने त्यावर लिनक्स घालून दिले आणि ते पुन्हा चालते झाले. या लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने लिहिला. पुढे जगभरच्या हजारो जणांनी तो वाढवला. तो फुकट मिळतो, याहून मोठी गोष्ट ही की तो उघडून पाहता येतो, बदलता येतो. मोडेल या धास्तीने संगणकाला हात न लावणारा मी दोनदा सारे बिघडवून बसलो आणि तिसऱ्यांदा स्वतःच घालायला शिकलो.

याच संगणकावर मी ‘ब्रेड’ नावाचा खेळ खेळलो. पावाशी त्याचा संबंध नाही. या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेणी. जोनाथन ब्लो यांचा हा खेळ २००८ साली आला आणि २०१० पासून लिनक्सवरही चालतो. लिनक्ससारखा तो खुला नाही, विकत घ्यावा लागतो, हेही सांगून ठेवतो. टिम नावाचा एक गृहस्थ उड्या मारत, शिड्या चढत चित्रांचे विखुरलेले तुकडे गोळा करतो. तुकडे एकूण ६०. एकेक तुकडा मिळवणे म्हणजे एकेक कोडे. मागे संथ वाद्यसंगीत. डोक्यावर घड्याळ नाही. खड्ड्यात पडलात तरी खेळ संपत नाही. शिफ्टची कळ दाबून धरायची. काळ उलटा वाहू लागतो, संगीतही उलटे वाजते, आणि टिम पडण्यापूर्वीच्या जागी येऊन उभा राहतो. एखादे कोडे सुटेना, तर बहुतेक ठिकाणी ते सोडून पुढे जावे आणि सवडीने परत यावे.

सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्याचे जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. त्यांची ज्ञानेश्वरी तर आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. पण सापशिडीत साप गिळतो तो पडलेल्या दानावर; तेथे विचाराला वाव नाही. ‘ब्रेड’मध्ये माणूस पडतो तो आपल्या चुकीने आणि चढतो तो आपल्या विचाराने. पडण्याला शिक्षा नाही म्हणून खेळ सोपा आहे, असे मात्र कोणी समजू नये. एका कोड्यापाशी मी तीन रात्री अडलो. चौथ्या दिवशी गावाकडे जाताना एसटीत ते एकाएकी सुटले! गाइडमधली उत्तरे पाठ करून तसा आनंद मला एकदाही झालेला नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. गेल्या वर्षी माझा अर्थशास्त्राचा विषय राहिला. गुणपत्रिकेवर पडणे तेवढे छापले जाते. पाय कोठे घसरला ते कोणी विचारत नाही, आणि पडणाराही स्वतःला विचारत नाही. मीही विचारले नव्हते. खेळात काळ मागे नेताना मात्र मी दर वेळी नेमके तेच पाहत होतो.

‘पण आयुष्याला शिफ्टची कळ असते का?’ असे कोणी विचारील. नसते; आणि हे त्या खेळालाही ठाऊक आहे. पुढल्या एका भागात काही वस्तूंभोवती हिरवी झळाळी असते. काळ मागे नेला तरी त्या वस्तू मागे येत नाहीत. वडिलांनी ‘निकाल काय लागला?’ म्हणून विचारले आणि मी ‘पास’ म्हणालो, तो क्षण तसलाच होता. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत, उसाला पाणी देताना, त्यांना खरे सांगून टाकले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत बसता येतं ना? मग बस की.”

मित्रहो, करमणुकीची कसोटी माझ्या मते एकच. पडल्यावर खेळ आपल्याला काय करायला लावतो? पैसे टाकायला, की विचार करायला? आणि हीच कसोटी वर्गालाही का लावू नये? गुरुजनांना नम्र विनंती आहे की, वर्षातून एक तरी चाचणी अशी घ्यावी, जिचे गुण कोठेच धरले जाणार नाहीत. मात्र प्रत्येकाची प्रत्येक चूक सर्वांनी मिळून उलगडून पाहावी. त्या दिवशी वर्गातला शेवटच्या बाकावरचाही हात वर करील, अशी माझी खात्री आहे.

माझे चार तुकडे अजून मिळायचे आहेत. अर्थशास्त्राचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. या खेपेस गाइड विकत घेतलेले नाही.