कृपा काय आपल्या सातबाऱ्यावर आहे?

पापाचा तिटकारा करा पण पाप्यावर प्रेम करा, असं आपल्या ख्रिस्ती घरांमधून येताजाता म्हटलं जातं. समलिंगी माणसांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं, आणि आपण किती मोठं मन दाखवलं असा भाव बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. पहिली गोष्ट म्हणजे हे वाक्य बायबलमध्ये नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत शोधा, सापडणार नाही. दुसरी गोष्ट, त्यातला पूर्वार्ध सगळे पाळतात आणि उत्तरार्ध कोणी पाळत नाही. प्रेम करणारा माणूस निदान जेवलास का म्हणून विचारतो. इथं नाव यादीतून कमी करण्यापासून सुरुवात होते.

हे आज लिहायचं कारण आमच्याच भाऊबंदांतलं आहे. नावगाव सांगत नाही. नातेवाईकांना ठाऊक आहे आणि इतरांना त्याची गरज नाही. माझ्या मावसबहिणीचा नातू, शिकलेला, पुण्यात नोकरीला. शब्बाथ शाळेत लहान मुलांना गाणी शिकवायचा, भक्तीला पेटी वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं आईला सांगितलं की मला मुलींची ओढ नाही, कधीच नव्हती, माझ्यासाठी स्थळं बघू नका. ही गोष्ट घरातून मंडळीत गेली. (कशी गेली ते विचारू नका. 'प्रार्थनेसाठी' म्हणून सांगितलेली गोष्ट आठवड्यात दौंडपर्यंत पोचते.) मग पंचांनी त्याला तोंडी सांगितलं, पेटीला हात लावू नकोस आणि प्रभुभोजनाला पुढे येऊ नकोस. लेखी काही नाही. आता त्याच्या चुलतबहिणीचं लग्न ठरलंय आणि त्याला बोलवायचं की नाही यावर चुलत्याच्या घरी बैठका चालू आहेत. मला फोन आला, "दादा, तुम्ही शिक्षक माणूस, शास्त्राचा अभ्यास आहे, काय ते ठरवून सांगा."

सांगतो. जरा सविस्तरच सांगतो.

आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं. परीक्षेत उताऱ्यावर प्रश्न असतात आणि त्याच्यावर पहिली सूचना असते, उतारा पूर्ण वाचा. आमचे उपदेशक रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडतात, त्यातल्या दोन ओळी मोठ्यानं वाचतात आणि पुस्तक मिटतात. अहो, पौल तिथं थांबलेला नाही! त्याच दमात तो लोभ काढतो, हेवा काढतो, चहाडी, बढाई, आईबापांची अवज्ञा, सगळं काढतो. ऐकणारा मान डोलवत राहतो. आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात पौल गर्रकन वळून त्या मान डोलवणाऱ्यालाच धरतो, की बाबा रे, दुसऱ्याला दोषी ठरवताना तू स्वतःलाच दोषी ठरवतो आहेस. सगळी मांडणी त्या वळणासाठी आहे. अध्यायांचे आकडे पौलानं घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकात आले. पण आमच्या लोकांना अध्याय संपला की बोध संपला असं वाटतं.

लेवीयाचंही तेच. अठरावा आणि विसावा अध्याय पाठ, मधला एकोणिसावा कोरा. त्या एकोणिसाव्यात लिहिलंय की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेऊ नका, आणि शेताच्या कडेचं पीक गरिबाला आणि परक्याला राहू द्या. आमचा हा सगळा उसाचा पट्टा. मजुराचे पैसे रात्रभर काय, हंगामभर अडकवून ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी एकालाही प्रभुभोजनाला येऊ नको म्हटल्याचं मी ऐकलं नाही. उलट देणगीदारांच्या फरशीवर त्यांचं नाव असतं. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड वापरू नका असंही आहे, आणि ते वाचणारे बहुतेक सगळे टेरिकॉटच्या शर्टात उभे असतात. असो.

सदोमाचं नाव तर शिवीसारखं वापरतात. यहेज्केल संदेष्ट्यानं सोळाव्या अध्यायात सदोमाचा गुन्हा काय ते सांगितलंय. गर्व, भरपूर अन्न, निवांतपणा, आणि इतकं असून गरिबाला हात न देणं. पुढे अमंगळ कृत्यांचा उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण सुरुवात भरल्या पोटापासून केली आहे. हे वचन मी एकाही सुवार्तासभेत ऐकलेलं नाही. आणि खुद्द प्रभूचं म्हणाल तर चारही शुभवर्तमानांत या विषयावर त्याचा एक शब्द नोंदलेला नाही. घटस्फोटाबद्दल मात्र तो स्पष्ट आणि कडक बोलला. तरी आपण घटस्फोटितांची लग्नं लावतो, माणसाची अडचण समजून घेतो. ते योग्यच करतो. मग ही समज एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे का आटते?

यावर एक उत्तर ठरलेलं आहे. व्यभिचारात धरलेल्या बाईला प्रभूनं सोडलं खरं, पण पुन्हा पाप करू नको असंही सांगितलं ना? सांगितलं. पण कधी सांगितलं ते बघा. दगड घेतलेले सगळे निघून गेल्यावर, ती एकटी राहिल्यावर, मीही तुला दोषी ठरवत नाही हे सांगून झाल्यावर. आमच्याकडे क्रम उलटा. आधी चारचौघांत पाप करू नको, मग दगड हातात ठेवूनच प्रार्थना.

आणि त्या बाईचं उदाहरण इथं नीट बसतही नाही. तिनं कुणाचा तरी विश्वास मोडला होता. या पोरानं कुणाचं काय मोडलं? तो जसा जन्मला तसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. असा माणूस 'बदलून' देण्याचा उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्ये कळवलं. डॉक्टरला जे करायला बंदी, ते आमच्याकडे उपास आणि तेल लावून चालू आहे. मी याला पाप मानत नाही, हे स्वच्छ लिहून ठेवतो. कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

नातेवाईकांतली काही वडीलधारी मंडळी म्हणतात, लग्न करून द्या, होईल नीट. कुणाची मुलगी देता? तुमची द्याल? त्या मुलीच्या आयुष्याचा विचार एकाही बैठकीत झालेला मला कळला नाही. हा पोरगा तिला फसवायला तयार नाही, खरं बोलला, आणि खरं बोलल्याची शिक्षा भोगतोय. खोटं बोलून बोहल्यावर चढला असता तर अजून पेटी वाजवत असता.

आता कृपेबद्दल. आमच्या काष्टीच्या बाजारात जनावर घेताना दात बघतात, चालवून बघतात, खोड विचारतात. तो व्यवहार आहे, बघायलाच पाहिजे. कृपेत दात बघत नाहीत. लायकी बघून मिळते तिला पगार म्हणतात, हे पौलानंच रोमकरांना समजावलंय.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. आपण कोण होतो? नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आले. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा 1899-1900 च्या दुष्काळाच्या सुमारास झाला. तेव्हा गावाला वेस होती आणि पणजोबा वेशीबाहेर होते, तेही शास्त्राच्या आधारानं. त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांकडेही पोथी होती, परंपरा होती, 'आम्ही नाही, देवानंच ठरवलंय' हे वाक्य होतं. ख्रिस्ती झाल्यावर 'पोटासाठी बाटले' म्हणून लोक हिणवायचे. मिशननं त्यांना पाटी दिली, भाकरी दिली, ताटाला ताट लावून बसवलं. (आत आल्यावरही एका पेल्यातून प्याला यांच्याबरोबर कसे प्यायचं म्हणून आपसात कुरकुर चालायची, हे आजोबा हसून सांगायचे. मला कधी हसू आलं नाही.) त्या माणसाची खापरपणतवंडं आज नवी वेस बांधून तिच्यावर पहारा देताहेत. कृपा काय आपल्या सातबाऱ्यावर चढली आहे?

इथून गाडीनं दौंड आणि दौंडवरून पुण्याच्या वाटेवर केडगाव. (नगरला लागून आहे ते केडगाव वेगळं.) तिथं पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं, आणि घरादारानं 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी एक घर काढलं. त्याचं नाव कृपासदन. न्यायसदन नाही. आज या प्रश्नावर रमाबाई काय म्हणाल्या असत्या ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. त्यांचा काळ वेगळा, त्यांची शिस्त कडक. पण दार आधी उघडायचं आणि बाकीचं बोलणं आत आल्यावर, हा त्यांचा क्रम होता. आणि आपल्या नगरचे रेव्हरंड टिळक? 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. टिळकांच्या नावानं वर्षातून दोनदा भजनसंध्या करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कोर्टाचं थोडक्यात. कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. ते टिकावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेल्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स ही आपल्याच धर्मातली मंडळी होती. म्हणजे नुसतं प्रभुभोजन बंद करून भागत नव्हतं, तुरुंगही हवा होता. 6 सप्टेंबर 2018 ला न्यायालयानं प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. मुंबईचे कार्डिनल ग्रेशस यांनी मात्र 2013 सालीच सांगितलं होतं की समलिंगी माणसांना आम्ही कधी गुन्हेगार मानलेलं नाही. लग्नाला त्यांचा विरोध होता, तरी एवढं ते बोलले. आपण प्रॉटेस्टंट, पोपचं ऐकत नाही म्हणून मिरवतो. निदान इथं त्यांच्या मागे तरी राहू नये.

तर चुलत्यांना माझं उत्तर. त्याला लग्नाला बोलवा. नुसतं व्हॉट्सॲपवर नको, घरी जाऊन पत्रिका द्या, जशी इतरांना देता. पेटी त्यालाच वाजवायला सांगा, तुमच्या दुसऱ्या वाजवणाऱ्याला सूर सापडत नाही हे मांडवातल्या सगळ्यांना माहीत आहे. पंचांनी आपला हुकूम लेखी द्यावा, सहीनिशी, वचनांसकट. मी पूर्ण उतारा वाचून उत्तर देईन.

आणि नाताळच्या आदल्या रविवारी आमच्या घरी प्रार्थना आणि जेवण आहे. तो येणार आहे, त्याच्या मित्रालाही मी बोलावलंय. त्यांच्या पंगतीला बसायचं नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, म्हणजे मटणाचा अंदाज येईल.