त्यांचा फंक, आपला वास

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आलेल्या मित्राने बेल्जियमहून एक बाटली आणली होती. दिसायला शॅम्पेनसारखी, बुचावर तार गुंडाळलेली. स्ट्राँग एल, 11 टक्के अल्कोहोल, जंगली यीस्टने आंबवलेली, ओकच्या पिंपात दीड वर्ष मुरवलेली. किंमत 32 युरो. साखर पेठेतल्या त्याच्या गच्चीवर आम्ही चौघांनी ती स्टीलच्या पेल्यांतून प्यायली, कारण त्या घरात वाइन ग्लास कधी आलेच नाहीत.

पहिला घोट आंबट. मग लाकूड, मनुका, किंचित व्हिनेगर. आणि घोट उतरल्यावर मागे राहणारा तो वास. मित्र मोबाइलवर टेस्टिंग नोट्स वाचत होता : घोड्याच्या पाठीवरची घोंगडी, गोठा, चामडं. या सगळ्याला मिळून बिअरवाल्यांचा एक लाडका शब्द आहे, 'फंक'. आम्ही माना डोलावल्या. त्याने मला विचारलं, "असलं काही आधी प्यायलायस?"

"नाही रे, पहिल्यांदाच."

मी खोटं बोललो. हा लेख त्या खोट्याबद्दल आहे.

त्या वासाच्या जवळचा वास मी नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखतो. माझे तातय्या, म्हणजे आजोबा, पूर्व भागात मागावर काम करायचे. पाळी सुटली की ते ईत कल्लू प्यायचे. मराठीत शिंदी. एकदा त्यांच्या तांब्यातून चोरून घोट घेतला होता. आंबटगोड, फेसाळ, जिभेला चावणारी, आणि मागे तोच गोठा. आमच्या घरात ही गोष्ट कुणी काढत नाही. बाबांनी पोराला इंजिनिअर केलं आणि तो तांब्या माळ्यावर टाकला. मीही काही न विचारता गप्प राहायला शिकलो.

आता त्या बाटलीत नेमकं काय होतं ते बघू. 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन या शास्त्रज्ञाने जुन्या इंग्लिश एलमधलं एक यीस्ट जगापुढे मांडलं. नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. हे यीस्ट पिंपाच्या लाकडात घर करून राहतं. लाकडातून झिरपणाऱ्या थोड्याशा हवेवर महिनोन्महिने काम करतं आणि तो गोठ्याचा, चामड्याचा वास तयार करतं. पिंप कितीही धुतलं तरी ते पूर्ण जात नाही. ज्यांना ही चव हवी असते, त्यांच्यासाठी असं मुरलेलं पिंप म्हणजे ठेवा.

आणि शिंदी? झाडाला खाच देऊन रात्री मडकं बांधायचं. पहाटे उतरवलेला रस नुसता गोड असतो. पण हवेतले, खाचेवरचे आणि मुख्य म्हणजे कालच्या मडक्यात उरलेले यीस्ट आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. दुपारपर्यंत रस फेसाळतो, संध्याकाळपर्यंत आंबट होतो. म्हणूनच नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, आंबणं थांबावं म्हणून. दोन्हींतले जीव हुबेहूब एकच असतात असं मी म्हणत नाही. पण तत्त्व एकच आहे. तिथे लाकूड यीस्ट सांभाळतं, इथे माती. तिथल्या भांड्याला आपण 'परंपरा' म्हणतो, इथल्या मडक्याला 'अस्वच्छ'.

यावर सोलापुरात पहिला आक्षेप ठरलेला आहे : याच गावाने शिंदीची झाडं तोडली होती, विसरलास का? नाही विसरलो. गांधीजींच्या अटकेनंतर, 8 मे 1930 ला रूपाभवानी परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला गेले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, शंकर शिवदारे गेले. पुढे शहरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. त्या आंदोलनात दारूबंदीचा नैतिक आग्रह होताच. पण कुऱ्हाड झाडावरच का पडली, हेही बघा. 1878 च्या अबकारी कायद्यापासून शिंदीच्या झाडावर सरकारचा परवाना आणि कर बसला होता. झाड तोडणं म्हणजे इंग्रजांचा महसूल तोडणं. त्या कुऱ्हाडीचा आधार घेऊन आज गच्चीवर आयात केलेली एल पिणाऱ्याने मागवाल्याच्या शिंदीला नाक मुरडावं, हा हुतात्म्यांचा वारसा नव्हे.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. आज शिंदी-ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट मिसळलेलं पाणी विकलं जातं. ते गुंगीचं रसायन आहे आणि त्याने माणसं मरतात. दारूने घरं बुडतात, हेही सोलापूरला कुणी शिकवायची गरज नाही. पण भेसळ हा झाडाचा दोष कसा? झाडं कमी, उतरवणारे कमी, मागणी मात्र तेवढीच. मधली जागा रसायनाने भरली. दुधात युरिया सापडला म्हणून आपण म्हशीची लाज बाळगत नाही, दूध तपासायला सांगतो.

ज्यांनी लाज सोडली त्यांचं बघा. गोव्याची काजू फेणीही रानटी यीस्टनेच आंबलेल्या रसापासून निघते. तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केरळात ताडी उतरवणाऱ्यांसाठी कल्याण निधीचा कायदा 1969 पासून आहे. आपल्याकडे 1949 च्या कायद्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. त्या रात्री गच्चीवरच्या चौघांपैकी एकाकडेही तो नव्हता. तरी दारावर कुणी येणार नाही, याची चौघांनाही खात्री होती. तातय्यांना ती खात्री आयुष्यात कधी मिळाली नाही.

शिंदी प्या, असं मी कुणाला सांगत नाहीये. पिऊ नका म्हणायचं असेल तर अवश्य म्हणा, पण मग 11 टक्क्यांच्या बाटलीलाही म्हणा. ती शिंदीपेक्षा कितीतरी कडक आहे. आणि चवीचं कौतुक करायचं असेल तर ते मडक्यापर्यंत न्या. शुद्ध रस तपासून विकायची सोय मागा. झाडावर चढणाऱ्याला विमा मागा. तो वासाचा कारागीर आहे, त्याच्याकडे फक्त टेस्टिंग नोट्स लिहून देणारा कुणी नाही.

यात्रा संपली, मित्र परत गेला. मागच्या रविवारी मी बाबांना सरळ विचारलं, तातय्या कल्लू कुठे प्यायचे? ते बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग आवाज कमी केला आणि म्हणाले, "पहाटेची चांगली असायची."

म्हणजे त्यांनीही चाखली होती.

मी मित्राला मेसेज केला : त्या दिवशी खोटं बोललो. आधी प्यायलोय. आमच्याच घरात.