बरे झालेल्या मुलाची वही

सोलापूरच्या नवी पेठेत गल्ल्यात रोकड दिसते म्हणून कोणी जाणता व्यापारी निश्चिंत होत नाही. वर्षाअखेर तो वही तपासतोच. ‘हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम’ या आजारातून उठलेल्या मुलाच्या मूत्रपिंडांबाबतही हीच दक्षता हवी.

१९५५ साली स्वित्झर्लंडमधील डॉ. कॉनराड गॅसर व सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले. यात तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि मूत्रपिंडे एकाएकी मंदावतात. अनेकदा आधी रक्ताचे जुलाब होतात, ‘ई. कोलाय’ किंवा ‘शिगेला’ या जंतूंचे विष त्यास कारणीभूत असते. भारतातील पुष्कळ मुलांत मात्र शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच उलटते व आजार पुन्हा डोके वर काढू शकतो.

शाकाहारी घराला याचे भय नाही, हा समज २०११ मध्ये जर्मनीत खोटा ठरला. मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या साथीत ८०० हून अधिक जणांना हा आजार जडला आणि ५० हून अधिक दगावले. पाणी गाळल्याने कचरा जातो, जंतू जात नाहीत. ते उकळल्याने मरतात. मुलांना मोडाची कडधान्येही शिजवूनच द्यावीत.

खरी परीक्षा घरी परतल्यावर असते. मूल खेळू लागते, शाळेत जाते आणि फाईल कपाटात पडते. २००३ मध्ये ३,४७६ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात जुलाबानंतर हा आजार झालेल्या व त्यातून वाचलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात रक्तदाब, लघवीतील प्रथिने वा मूत्रपिंडाची घटलेली क्षमता आढळली. नष्ट झालेल्या गाळण्या पुन्हा येत नाहीत. उरलेल्या जादा भार वाहतात आणि वर्षांनंतर थकतात. लघवी जितके अधिक दिवस बंद राहिली असेल, तितका धोका मोठा.

म्हणून दरवर्षी, निदान पाच वर्षे आणि दोष आढळल्यास पुढेही, रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन तपासावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. लघवीतील प्रथिने वेळीच कळली, तर औषधांनी झीज मंदावता येते. मुलगी सासरी जाताना ही फाईलही सोबत द्यावी. गरोदरपणी डॉक्टरांना तीच प्रथम लागेल. लपविलेला आजार हे फेडता न येणारे कर्ज होय.