शेवाळ खाणारा मासा घेताना

समुद्री मत्स्यालय घरात आले की पहिल्या काही आठवड्यांतच काचेवर तपकिरी थर धरू लागतो. हौशी गृहस्थ अस्वस्थ होतो, दुकान गाठतो आणि ‘हा सगळे साफ करील’ या विक्रेत्याच्या शब्दावर एखादा मासा घेऊन येतो. वास्तविक प्रारंभीचा हा थर बहुधा डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि पाण्यातील सिलिका सरली की तो आपोआप ओसरतो. पुढे येणाऱ्या हिरव्या शेवाळाचे मूळ नायट्रेट व फॉस्फेटमध्ये, म्हणजे बव्हंशी उरलेल्या खाद्यात आणि नळाच्या पाण्यात असते. आर.ओ.चे पाणी न वापरता, खाद्य न आवरता मासा आणणे हे उधळपट्टी तशीच ठेवून मुनीम बदलण्यासारखे आहे. तांबूस, बुळबुळीत थर तर शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया होत, आणि त्यांना हे मासे सहसा तोंड लावीत नाहीत.

लहान टाकीसाठी लॉनमोअर ब्लेनी सुचवली जाते. कंगव्यासारख्या बारीक दातांनी ती दगडावरील पातळ थर खरवडते. लांब तंतूंचे शेवाळ तिच्या आवाक्याबाहेरचे. तिची खरी शोकांतिका निराळीच आहे. नेमून दिलेले काम तिने चोख केले की टाकी स्वच्छ होते आणि तिचे अन्न संपते. कित्येक ब्लेनी तयार खाद्य स्वीकारतच नाहीत. मालक चकचकीत काचेकडे कौतुकाने पाहत असतो आणि आत मासा उपाशी मरतो. म्हणून ती नव्या टाकीत न सोडता, काही महिने मुरलेल्या टाकीतच सोडावी. ती उडी मारते. वर जाळी हवी.

पिवळा टँग सर्वांना मोहवतो. हवाईच्या प्रवाळांवर तो दिवसभर चरतो. समुद्री कासवांच्या पाठीवरचे शेवाळही खातो. मात्र तो सुमारे २० सेंमी वाढतो आणि सतत पोहतो. त्याला किमान चार फूट लांबीची, सुमारे ४०० लिटरची टाकी लागते. दोन फुटांच्या टाकीत तो ठेवणे हा सरळ छळ आहे. २०१५ साली हवाईतील संशोधकांनी त्याची पैदास बंदिस्त टाकीत यशस्वी केली. तेव्हा समुद्रातून पकडलेल्यापेक्षा असा पैदास केलेला मासा मागावा. शेवाळ संपल्यावर वाळवलेल्या नोरीची पाने चिमट्यात अडकवून द्यावीत. फॉक्सफेसही शेवाळ भरपूर खातो, पण त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात. टाकीत हात घालताना सांभाळावे.

दुकानात मासा खाताना पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. आणल्यावर चार ते सहा आठवडे तो वेगळ्या टाकीत ठेवावा. पोट आत गेलेला मासा जीवदयेपोटी घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण विक्रेता त्याच्या जागी दुसरा मागवतो. सांभाळणे जमले नाही म्हणून मासा अरबी समुद्रात सोडणेही चूक. पॅसिफिकमधील तो जीव तेथे परका, आणि रोग बरोबर नेणारा ठरू शकतो. अशा वेळी मोठी टाकी असलेला जाणकार शोधून मासा त्याच्या हवाली करावा.