सावली कुणाच्या वाट्याची?

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे माथेरान-महाबळेश्वर उभे राहते. आम्हा बोळिंजकरांना मात्र अर्नाळ्याचा समुद्र अगदी हाताशी. तरीही आमचे सारे घर मिळून कधी किनाऱ्यावर गेले नव्हते. समुद्रावर जायचे ते विसर्जनाला किंवा मासळी आणायला. नुसते बसायला जाणे म्हणजे आमच्या घरी रिकामटेकडेपणाच! गेल्या डिसेंबरात मी हट्ट धरला आणि बेत आखण्याचे काम अंगावर घेतले.

बेत अगदी शास्त्रशुद्ध होता. आपला समुद्र पश्चिमेला आणि सुरूची झाडे वाळूच्या मागे, पूर्वेला. त्यामुळे सकाळी त्यांची सावली वाळूवर पडते. दुपार कलली की ती गावाकडे सरकते. म्हणून आठाला पोचायचे आणि ऊन चढले की झाडांच्या आत शिरायचे. तिथीही पाहिली. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते; म्हणून पौर्णिमेजवळचा रविवार धरला आणि धाकट्यांनी सकाळीच, चढत्या पाण्यात काठाकाठाने डुंबायचे ठरवले.

ठरवायचे राहिले ते एवढेच, की स्वयंपाक कोण करणार? हे ठरवायचे असते, हेच माझ्या ध्यानात आले नाही. सुरूखाली वाळक्या काड्यांचा थर असतो, ठिणगी पडली तर भडका उडायचा. म्हणून मीच शहाणपणाने चूल सावलीबाहेर मांडायला लावली. दहापासून एकपर्यंत आई डोक्यावर पदर घेऊन त्या चुलीपाशी उन्हात बसली. आम्ही सावलीत पत्ते खेळलो. परतताना वडील म्हणाले, "छान झाली सहल." आई काहीच बोलली नाही. तिने पाण्यात पाऊलदेखील बुडवले नव्हते.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात. जे पुरुष ते करतात त्यांची ९७. हा आकडा मी वहीत उतरवला होता, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण चुलीपाशी बसलेली आई म्हणजेच तो आकडा, हे मला किनाऱ्यावर कळले नाही.

कुणी म्हणेल, आईला हौसच असते करून घालायची. असेलही, पण मी तिला कधी विचारले होते? आणि वाचक मित्रांनो, वर्गाच्या सहलीत कांदा कोण चिरते आणि क्रिकेट कोण खेळते, तेही जरा आठवून पाहा.

माझे मत असे, की सहलीला चूल नेऊच नये. भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी आणि वसईची केळी यांत सगळ्यांचे पोट भरते. पहाटे उठून सगळ्यांनी मिळून डबे भरावेत. सुरूचेही त्यात भले आहे. आधीच समुद्र वाळू खरवडून नेतो आहे, झाडे उन्मळून पडत आहेत. त्यांना वर आपल्या चुलीची धग कशाला?

येत्या सुट्टीत पुन्हा बेत आहे. तिथी मी पाहीन आणि भाकऱ्याही मीच थापीन. वाकड्या होतील, एखादी करपेल. आईने फक्त पायांत चपला घालून आमच्याबरोबर निघायचे आहे.