दोन वाटा, एक हिशेब

सहल हैदराबादला गेली की गोवळकोंडा चुकत नाही. टेकडी सुमारे १२० मीटर उंच, पायऱ्या साडेतीनशेच्या वर. मागे चढताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, लांबच्या वाटेने गेलो तर काम जास्त होईल ना?”

गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे काम वाटेवर नव्हे, उंचीवर ठरते. ५० किलोच्या माणसासाठी ५० × ९.८ × १२०, म्हणजे ५८,८०० ज्यूल. वाट कोणतीही घ्या.

पण डोक्यावर दहा किलो पाण्याची गळकी घागर असेल तर? वजन सतत घटते. मग प्रत्येक पायरीपुरते वजन कायम धरायचे, त्या पायरीच्या उंचीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. पुस्तकातले संकलन ते हेच. जवळच्या वाटेने, सारख्या गळतीने, वर सहा किलो पाणी पोचले तर सरासरी आठ किलो. काम ९,४०८ ज्यूल. लांबच्या वाटेने चारच किलो पोचले तर ८,२३२. इथे वाट महत्त्वाची ठरली. काम कमी भरले, पण पाणीही कमीच पोचले.

ती म्हणाली, “आई सपाट रस्त्याने हंडा आणते. तिचे काम शून्य?”

गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे, हो, शून्यच. मात्र हंडा तोलून धरताना स्नायू ऊर्जा खर्च करतातच, म्हणून माणूस दमतो. काम ही भौतिकशास्त्रातली संज्ञा आहे, कष्ट ही वेगळी गोष्ट. फळ्यावर शून्य लिहिताना मुलांना हेही त्याच तासाला सांगायला हवे. मी इतकी वर्षे सांगितले नव्हते.