वारा कुठून, कुठे?

सुट्टीत जेऊरला काकांना मी मॅटप्लॉटलिबवर काढलेला वाऱ्याचा नकाशा दाखवला. दांडीच्या टोकाला पिसांसारख्या रेघा: अर्धी म्हणजे ५ नॉट, पूर्ण १०, त्रिकोण ५०. काका म्हणाले, "म्हणजे वारा पिसांकडे चाललाय?" नेमकं उलटं! पिसं जिकडे, तिकडून वारा येतो. ज्यांना केळीची बाग आडवी होईल का एवढंच बघायचंय, त्यांना नॉट कशाला? मी साधे बाण काढले, वेग ताशी किलोमीटरमध्ये लिहिला (१ नॉट म्हणजे १.८५२). सर म्हणतात, चिन्हं जगभर एकच आहेत, बदलू नयेत. वेधशाळेपुरतं कबूल. गावासाठीच्या नकाशात मात्र बदलावीतच, फक्त कोपऱ्यात खुलासा हवा. मी तो विसरलो. काकांनी बाणाजवळचे २२ बघून विचारलं, "हे काय, तापमान?"